फुटबॉलचा वस्ताद

‘वस्ताद’ हा शब्द आपल्याकडे फारसीतील ‘उस्ताद’वरून आला हे खरे, परंतु मराठी मुलखात आल्यावर त्याने तालमीच्या लाल मातीत असा काही पाय रोवला की, आता तो परका आहे असे कोणी म्हणणार नाही. वस्ताद म्हणजे नुसता शिकविणारा नव्हे. पठ्ठ्याला पहाटे उठविणारा तो, त्याच्या दुधाबदामाकडे लक्ष ठेवणारा तो, कोणाशी जोर करावयाचा हे ठरविणारा तो आणि कोणत्या मैदानात, कोणत्या जोडीशी त्याला सोडावयाचे याचा निवाडा करणाराही तोच. कुस्ती लागली म्हणजे मात्र त्याला हौद्याच्या काठावर उभे राहण्यापलीकडे काही करता येत नाही. जिंकली तर फेटा पठ्ठ्याच्या डोक्यावर. हरली तर लोक म्हणणार, वस्तादाने कच्चा सोडला!

मी राहतो त्या म्हैसूर शहरात तालमीला ‘गरडी मने’ म्हणतात, आणि दसऱ्याच्या कुस्त्यांचा येथील थाट आजही टिकून आहे. माझ्या नजरबाद भागात, चामुंडीच्या डोंगराकडे जाताना, चामुंडी विहार नावाचे एक क्रीडांगण लागते. जुन्या मल्लविद्येचा अभिमान बाळगणाऱ्या ह्या गावात आता तेथे शिट्टी गळ्यात अडकविलेले निरनिराळ्या खेळांचे शिक्षक दिसतात, आणि त्यांना सगळे ‘कोच’ म्हणतात. ओघाने आले म्हणून सांगतो, १९३५ साली प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपले खासगी ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केले ते ह्याच म्हैसुरात, आणि ‘आकाशवाणी’ हे नाव त्याच केंद्राबरोबर रूढ झाले. तेव्हा येथील रहिवाशाने आकाशवाणीवरून चार शब्द बोलावेत, यात वावगे काही नाही.

आज बोलावयाचे आहे ते फुटबॉलच्या वस्तादाविषयी.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचा संबंध बेताचाच. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असा तो चेंडू बहुधा हातात धरून पळावयाचा किंवा फेकावयाचा असतो. एका बाजूला अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, सरकता आले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, आणि हे थांबणेच तेथील मुख्य प्रशिक्षकाला अमर्याद सत्ता देते. पुढच्या प्रयत्नात कोणी कोठे धावावयाचे हे काठावरून ठरविता येते. चढाईचे, बचावाचे असे वेगवेगळे साहाय्यक त्याच्या हाताखाली असतात. एखाद्या सेनापतीचा डेराच म्हणा ना! पगार मोठा आणि नोकरीचा भरवसा मुळीच नाही.

ह्या पेशातील सर्वांत गाजलेले नाव व्हिन्स लोम्बार्डी यांचे. १९१३ साली ब्रुकलिन येथे एका इटालियन वंशाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर. न्यू जर्सीतील सेंट सेसिलिया ह्या मिशनरी शाळेत लॅटिन, रसायन आणि पदार्थविज्ञान शिकविता शिकविता ते मुलांना खेळही शिकवीत. पुढे वेस्ट पॉइंट ह्या लष्करी विद्यालयात आणि न्यूयॉर्क जायंट्स संघात साहाय्यक म्हणून त्यांची बरीच वर्षे गेली. स्वतंत्र व्यावसायिक संघ हाती आला तो १९५९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आणि तोही कसा, तर ग्रीन बे पॅकर्स. साठ-बासष्ट हजार वस्तीचे ते गाव, संघाची मालकी गावकऱ्यांनी घेतलेल्या भागांची, आणि आधीच्या हंगामात बारा सामन्यांत विजय मिळाला होता अवघा एक. लोम्बार्डींनी पहिल्याच वर्षी बारांपैकी सात सामने जिंकले आणि पुढे १९६१ ते १९६७ या सात हंगामांत पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. त्यांच्याजवळ डावांची भली मोठी पोथी नव्हती. मोजकेच डाव, पण एकेक डाव इतका घोटावयाचा की, प्रतिपक्षाला तो आधी कळला तरी अडविता येऊ नये. आपल्या संघातील काळ्या खेळाडूंना जे उपाहारगृह दारात उभे करणार नाही, त्या उपाहारगृहात संघातील कोणीच जाणार नाही, असा त्यांचा दंडक होता. त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट लहान नव्हती. १९७० साली कर्करोगाने त्यांचा अंत झाला, आणि तेथील अंतिम सामन्याच्या चषकाला त्यांचे नाव देण्यात आले.

आता आपल्याकडे वळू. फुटबॉल म्हटले की, आपण पायांनी खेळतो तोच. त्यात खेळ थांबत नाही. पंचेचाळीस मिनिटे गाडी सुटली की सुटली. काठावरून ओरडून काय ओरडणार? येथील प्रशिक्षक आपल्या तालमीतल्या वस्तादाच्याच जातीचा. जे काही करावयाचे ते सामन्यापूर्वी करून ठेवावयाचे, आणि मग हात बांधून पाहत राहावयाचे.

भारताला असा एक थोर वस्ताद लाभला होता: हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. तेही शिक्षकच. १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्ता येथे आशियाई स्पर्धांचे सुवर्णपदक त्यांच्या हाताखालच्या संघाने मिळविले. १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले, तेही रहीमसाहेबांच्याच अमदानीत. जकार्ताचा विजय मिळाला तेव्हा कर्करोगाने त्यांना पुरते ग्रासले होते; १९६३च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्यानंतर आपली ही विद्या मागे पडली ती पडलीच. पुढे पुढे तर अशी समजूत दृढ झाली की, राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक युरोपातूनच आणावयाचा असतो. गावातला वैद्य काय औषध देणार!

ह्या समजुतीला ज्यांच्या कारकिर्दीने सर्वांत ठोस उत्तर दिले ते गोमंतकातील आर्मांदो कुलासो.

गोव्यात फुटबॉल हा केवळ खेळ नाही. १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तो प्रथम आणला असे मानतात. तेव्हापासून चर्चच्या आवारात, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत, फेस्ताच्या निमित्ताने गावोगाव तो खेळला जात आला आहे. १९६१च्या मुक्तीनंतर खाणमालक आणि उद्योगपती यांनी संघ पोसले. साळगावकर, धेंपो, पुढे चर्चिल ब्रदर्स. १९८३ साली संतोष चषक गोव्याने बंगालबरोबर वाटून घेतला, १९८४ साली एकट्याने जिंकला. तरीही देशाच्या फुटबॉलची राजधानी म्हटली की कलकत्ता, हे समीकरण कोणी मोडले नव्हते. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यामागे लाखांचा जनसमुदाय. धेंपोच्या मागे पणजी-फोंड्याकडील काही हजार माणसे आणि एक घराणे.

कुलासो यांनी २००० साली धेंपो संघाची सूत्रे हाती घेतली. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. लोम्बार्डींप्रमाणे त्यांनाही वय झाल्यावर संधी आली, आणि लोम्बार्डींप्रमाणे त्यांच्याही नावावर अखेर पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे लागली: २००४–०५ आणि २००६–०७ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग, आणि तिच्या जागी आय-लीग सुरू झाल्यावर २००७–०८, २००९–१० व २०११–१२. गणिताचा हा योगायोग आहे, त्याहून अधिक काही त्यातून काढू नये. पण एका लहान गावचा संघ आणि एक मध्यमवयीन, घरचाच माणूस, हे साम्य मला योगायोगाहून थोडे अधिक वाटते.

मात्र ह्या यशाच्या दारातच एक मरण उभे आहे, आणि ते ओलांडून पुढे जाता येत नाही.

२००४ सालच्या डिसेंबरची ५ तारीख. बंगळूरच्या कंठीरव क्रीडांगणावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता: धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोच्या आघाडीवर ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनिअर हा पंचविशीचा तरुण होता. आदल्या हंगामात तो ईस्ट बंगालकडून खेळला होता आणि त्या संघाला त्याने लीग जिंकून दिली होती. त्या दिवशी धेंपोचा पहिला गोल त्यानेच केला. उत्तरार्धात तो पुन्हा चेंडू घेऊन गोलाकडे झेपावला. समोरून बागानचा कोवळ्या वयाचा गोलरक्षक सुब्रत पाल धावत पुढे आला. चेंडू जाळ्यात गेला, आणि त्याच क्षणी दोघांची धडक झाली. ज्युनिअर दोन पावले चालला असेल-नसेल, खाली कोसळला तो पुन्हा उठला नाही. सहकाऱ्यांनी त्याच्या छातीवर दाब देऊन पाहिला, तोंडाने श्वास घालून पाहिला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सारे संपले होते. सामन्याच्या नोंदीत मात्र लिहिले गेले: धेंपो दोन, मोहन बागान शून्य, दोन्ही गोल ज्युनिअर. धेंपोने फेडरेशन चषक जिंकला होता.

मैदानावर तातडीच्या वैद्यकीय साहाय्याची सोय किती अपुरी होती, याची त्यानंतर देशभर चर्चा झाली. ती व्हावयासच हवी होती; मैदानात माणूस मेल्यावरच आपल्याला रुग्णवाहिका आठवते, हा आपला जुना रोग. परंतु मी विचार करतो तो त्या प्रशिक्षकाचा. चषक हातात आहे आणि ज्याने तो मिळवून दिला त्याची शवपेटिका साता समुद्रांपलीकडे पाठवावयाची आहे. पुढ्यात बसलेली पोरे बावीस-चोवीस वर्षांची, त्यांतल्या कित्येकांनी मरण इतक्या जवळून कधी पाहिलेले नाही. आणि काही आठवड्यांवर राष्ट्रीय लीग येऊन ठेपली आहे. अशा वेळी वस्तादाने काय सांगावे? ‘त्याच्यासाठी खेळा’ असे म्हणणे सोपे. पण दुःखाचे इंधन फार काळ पुरत नाही, चार सामन्यांत ते जळून जाते. लीग असते महिनोन्‌महिने. तिथे रोजचा सराव, रोजची शिस्त, जेवणझोप यांवाचून गत्यंतर नाही. त्या हंगामात धेंपोने आपली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, दुसऱ्या क्रमांकावर गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब होता. ह्या विजयाची किंमत लीगच्या तक्त्यावरून कळणार नाही.

कुलासो यांच्या पद्धतीत मला एक गोष्ट विशेष दिसते. त्यांनी आपला संघ मोडला नाही. आपल्याकडे अजिंक्यपद मिळाले की खेळाडूंचा बाजार भरतो आणि पुढच्या वर्षी अर्धा संघ नवा असतो. धेंपोत समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची मंडळी वर्षानुवर्षे एकत्र राहिली. त्यांच्या जोडीला नायजेरियाचा रांती मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेतो. हे दोघे परदेशी असूनही गोव्यातच मुरले. बेतोने चेंडू द्यावा आणि रांतीने तो जाळ्यात धाडावा, हे इतक्या वेळा घडले की, प्रतिपक्षाला ते आधी ठाऊक असे आणि तरीही अडविता येत नसे. २०११–१२ च्या हंगामात एकट्या रांतीने बत्तीस गोल केले. उंच चेंडू भिरकावून त्यामागे धावण्यापेक्षा जमिनीलगत, आखूड आखूड टप्प्यांनी तो हातचा हाताला द्यावा तसा पायातून पायात देत पुढे न्यावयाचा, ही धेंपोची रीत होती. एकमेकांची सवय झालेल्या माणसांनाच ती साधते. २००८ साली हा संघ आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकात उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. तेथे लेबनॉनच्या सफा संघाने त्याला थोपविले.

एवढे झाल्यावर तरी राष्ट्रीय संघाची धुरा ह्या माणसाकडे यावयास हरकत नव्हती. ती आली, पण कशी आली ते ऐकण्यासारखे आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडचे बॉब हॉटन यांनी भारतीय संघाचे प्रशिक्षकपद सोडले. विश्वचषकाची पात्रता फेरी जुलैमध्ये होती. कुलासो यांना हंगामी म्हणून नेमण्यात आले. घर जळू लागल्यावर घागर शेजाऱ्याच्या हातात द्यावी, तसे ते होते. पहिला सामना संयुक्त अरब अमिरातीत. सामना सुरू होऊन अर्धा तासही झाला नाही तोच भारताचे दोन खेळाडू लाल पत्रक घेऊन बाहेर गेले, दोन्ही वेळा पेनल्टी बसली. बाहेर गेलेल्यांपैकी एक होता गोलरक्षक सुब्रत पाल. होय, सात वर्षांपूर्वी बंगळुरात समोरच्या गोलात उभा असलेला तोच, आता कुलासोंचा खेळाडू. नऊ जणांनी उरलेला सामना ओढला आणि भारत तीन शून्याने हरला. पाच दिवसांनी दिल्लीत परतीचा सामना झाला. जेजे लालपेखलुआ आणि गौरमांगी सिंग यांनी गोल केले, दोन-दोन अशी बरोबरी झाली, आणि पात्रता गेली. त्यानंतर संघ वेस्ट इंडीज बेटांच्या बाजूला मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी गेला. तेथेही गयाना आणि त्रिनिदाद यांच्याकडून हार पदरी आली, आणि कुलासो यांची कारकीर्द संपली. त्यांच्या जागी गोव्याचेच साव्हियो मेदेरा आले.

आता ह्याचा निवाडा कसा करावा? पराभव झाले हे सत्य आहे, आणि प्रशिक्षकाला पराभवाची जबाबदारी टाळता येत नाही. परंतु ज्या माणसाने अकरा-बारा वर्षे एकच संघ हातात धरून तो घडविला, त्याची विद्याच मुळी सवयीची, सहवासाची विद्या होती. ती विद्या काही आठवड्यांत दाखव, असे म्हणणे म्हणजे आंब्याची कोय पेरून आठवड्याने रस मागणे होय. परदेशी प्रशिक्षकांना आपण वर्षांच्या मुदतीने नेमतो, घरच्याला हंगामी म्हणून. मग घरचा अपयशी ठरला की, मूळची समजूत अधिकच पक्की होते. ह्या चक्रातून बाहेर पडावयास आपल्याला पुष्कळ वर्षे लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील यांची नियुक्ती झाली, तेव्हा कुठे पुन्हा एकदा भारतीय माणसाकडे मुख्य प्रशिक्षकपद आले.

कुलासो मात्र परत येऊन आपल्या धेंपोत कामाला लागले आणि त्याच हंगामात, म्हणजे २०११–१२ मध्ये, त्यांनी पाचवे अजिंक्यपद मिळविले. त्यावेळी दुसऱ्या क्रमांकावर ईस्ट बंगाल होता. पुढल्याच वर्षी, २०१३ साली, धेंपो सोडून ते त्याच ईस्ट बंगालकडे गेले. कलकत्त्याचा तो प्रक्षुब्ध जनसमुदाय, रोजची वर्तमानपत्रे, दर पराभवानंतरची निदर्शने. पणजीहून आलेल्या माणसाला हे जग निराळेच. २०१३–१४ च्या आय-लीगमध्ये त्यांनी संघाला दुसऱ्या स्थानावर आणले. अजिंक्यपद गेले बंगळूर एफ. सी. ह्या त्याच वर्षी जन्मलेल्या संघाकडे. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांना तेथूनही जावे लागले.

इकडे गोव्यात दिवस पालटले होते. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि ज्या पैशावर गोव्याचे फुटबॉल पोसले गेले होते त्याचा झराच आटला. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही नवी, झगमगाटाची स्पर्धा आली. कुलासो यांच्यामागे दोनच वर्षांत धेंपो दुसऱ्या श्रेणीत उतरला. लगेच वर आला, पण २०१६ साली देशातील स्पर्धांच्या नव्या रचनेचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग ह्या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. पाच वेळा देश जिंकलेला संघ गोव्याच्या लीगपुरता उरला. कोणत्याही वस्तादाला आपल्या तालमीवर असा दिवस पाहावा लागू नये.

तालीम ओस पडली तरी पठ्ठे राहतात. क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२३ साली ओडिशा संघाला प्रशिक्षक या नात्याने सुपर कप जिंकून दिला. महेश गवळी भारतीय संघाचे साहाय्यक प्रशिक्षक झाले. समीर नाईक धेंपोचेच प्रशिक्षक झाले, आणि २०२४ साली धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये दाखल झाला.

२०२५ च्या १७ जानेवारीला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आर्मांदो कुलासो यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार, प्रदीर्घ सेवेच्या गटात, देण्यात आला. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. पाचव्या अजिंक्यपदाला तोवर बारा वर्षे होऊन गेली होती.